धानाच्या बांधीपासून बोर्डाच्या परीक्षेपर्यंत

दहावीचा निकाल लागला की आमच्या गोंदिया जिल्ह्यातील वस्त्यावस्त्यांतून गुणगौरवाचे कार्यक्रम सुरू होतात. विहारासमोर मंडप पडतो, पुष्पगुच्छ येतात, स्मृतिचिन्हे येतात, दुरून पाहुणे येतात आणि ‘मुलांनो, मोठी स्वप्ने पाहा’ असे सांगून जातात. पाहुण्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. परंतु कार्यक्रम आटोपल्यावर, सतरंज्या गुंडाळता गुंडाळता, आम्ही त्या मुलामुलींना एक प्रश्न विचारीत असतो. "बाबू, तुला अभ्यासाला बसावेसे नेमके कशाने वाटले?" आजवर एकाही मुलाने एखाद्या भाषणाचे नाव घेतलेले नाही. कोणी मायच्या बोटांविषयी सांगतो. कोणी राईस मिलमधल्या वजनकाट्याविषयी सांगतो. एक मुलगी म्हणाली, "काकाजी, आमच्या घरी कागद आला की वाचून घ्यायला शेजाऱ्याला बोलवावे लागे. तो वाचून हसायचा. तेव्हाच मी ठरवले."

या उत्तरांवर आम्ही बराच विचार केला आहे. दहावीच्या मुलाला बळ देणाऱ्या गोष्टी त्याच्या रोजच्या जगण्यातच असतात. आईबापांना त्या दिसत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते कष्ट आहेत आणि कष्टांत शिकण्यासारखे काय असणार? शिक्षकांना दिसत नाहीत, कारण त्या पाठ्यपुस्तकात नाहीत. आणि मुलाला स्वतःला दिसत नाहीत, कारण लहानपणापासून त्याने एकच ऐकलेले असते की शिक आणि यातून बाहेर पड. बाहेर पडायचे आहेच. पण आपल्या घराने, आपल्या गावाने आपल्याला काय दिले हे न पाहता निघालेला मुलगा अर्ध्या वाटेत स्वतःला कमी समजू लागतो. शहरातल्या कॉलेजात पहिल्या बाकावर बसायला तो बिचकतो. म्हणून या लेखात आम्ही पाहुण्यांची भाषणे बाजूला ठेवून आमच्याच जिल्ह्यातील रोजच्या चार गोष्टींकडे वाचकांचे लक्ष वेधणार आहोत.

सत्तर पानांचे पुडके

एप्रिल सरत आला की देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या भागांतील माणसे पहाटेच्या अंधारात जंगलात शिरतात. तेंदूपत्त्याचा हंगाम फार थोड्या दिवसांचा असतो. पहिला पाऊस झाला की संपला. पहाटे पाने तोडायची, ऊन चढायच्या आत घरी आणायची, दुपारभर सगळ्या घराने बसून पुडके बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे, असा हा क्रम. आमच्या भागात एका पुडक्यात ७० पाने असतात आणि हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी धरतात.

आता हाच हिशेब दहावीच्या मुलाच्या नजरेने पाहा. घराने दिवसभरात १०० पुडके बांधले म्हणजे ७,००० पाने तोडली, निवडली आणि मोजली. सत्तरच्या जागी अडुसष्ट पाने भरली तर फळीवरचा मुन्शी पुडके बाजूला टाकतो, आणि प्रत्येक पुडक्यात दोन पाने जास्त गेली तर शंभर पुडक्यांत २०० पाने, म्हणजे जवळजवळ तीन पुडक्यांची मजुरी, फुकट गेली. ही गोष्ट ज्या मुलाला उमगली त्याला शेकडेवारी वेगळी शिकवावी लागत नाही.

बिडीचेही तसेच. पत्र्याच्या फर्म्यावर पान कापणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा गुंडाळणे, तोंड बंद करणे, हे सारे आई गप्पा मारता मारता करते. मजुरी हजार बिड्यांवर मिळते आणि खराब म्हणून काढलेल्या बिड्या हिशेबातून वजा होतात. आमच्या माहितीतील एका मुलीने नववीत असताना वहीच्या शेवटच्या पानावर रोजची छाट लिहून ठेवायला सुरुवात केली. महिनाभराने तिने बेरीज केली आणि आईसह कारखान्यात जाऊन विचारले, की पहिल्या आठवड्यात इतकी आणि चौथ्या आठवड्यात दुप्पट, असे का? कारागीर तीच, पान तेच, तंबाखू तोच. पुढच्या आठवड्यापासून छाट कमी झाली. त्या मुलीने आम्हांला सांगितले, की गणिताची भीती त्या दिवशी गेली. आकडे लिहून ठेवले तर मोठ्या माणसालाही उत्तर द्यावे लागते, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. तंबाखूच्या धुळीत बसून बिड्या वळणे ही काही गौरवाची बाब नाही. त्या धुळीने खोकणाऱ्या कितीतरी माता आम्ही पाहिल्या आहेत. गौरव करायचाच तर त्या मुलीच्या वहीचा करावा.

काट्यावरचे गणित

आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला, तरी धानाने दोन्ही जिल्हे आजही एकच आहेत. पाऊस लागला की परहे टाकणे, चिखल करणे, रोवणी, निंदण, मग दिवाळीच्या सुमारास कापणी आणि मळणी. या प्रत्येक कामात शाळेतला एकेक धडा दडलेला आहे. वाकड्यातिकड्या बांधीची रोवणी बायांच्या टोळीने ठेक्याने घेतली, की बांधी किती आराजीची हे आधी काढावे लागते. अशी बांधी मोजायची तर तिचे त्रिकोण पाडावे लागतात. सातबाऱ्यावर आकडा हेक्टर-आरमध्ये असतो, शेतकरी एकरात बोलतो, आणि आजी अजून खंडी-कुडोत बोलते. तिघांचे बोलणे एका मापात आणून देणारा घरातला दहावीचा मुलगा हा त्या घराचा पहिला हिशेबनीस असतो. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे. जमाखर्चाची पहिली समज आम्हांला अशाच अंगणातल्या धानाच्या राशीपाशी आली, कॉलेजात फक्त तिची इंग्रजी नावे कळली.

पुढे हे धान राईस मिलमध्ये जाते. सरकारी धानाच्या भरडाईत एक क्विंटल धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ परत द्यावा लागतो. उरलेल्यात तूस असते, कोंडा असतो. तूस भट्टीत जळते, कोंड्यापासून तेल निघते. गोंदियातील मिलवर हमाली करणारा बाप रोज पोती पाठीवर वाहतो, परंतु त्या पोत्यातल्या धानाचे पुढे काय होते हे त्याला कोणी सांगत नाही. एका मुलाने मिलमध्ये बापाला डबा पोहोचविता पोहोचविता मेकॅनिकला प्रश्न विचारायला सुरुवात केली. रबराचे रोल का लागतात? तांदळाला पॉलिश कसे चढते? तुकडा जास्त का पडतो? धानातील ओलावा मोजण्याचे यंत्र त्याने तिथेच पाहिले. दहावीनंतर त्याने आयटीआय धरले. लोक म्हणाले, चांगले गुण असून मुलगा आयटीआयला का गेला? आम्ही म्हणालो, आवड ओळखून गेला. डॉक्टर-इंजिनिअर याखेरीज दुसरे काही यश नाही, ही समजूत आमच्या समाजात फार घट्ट बसली आहे. तिच्या ओझ्याखाली कितीतरी मुले आपल्याला खरोखर काय आवडते हे बोलतच नाहीत.

तलावाच्या पाळीवरचे विज्ञान

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने ते बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, परंतु पाळ, सांडवा आणि तुडूम यांची ती जुनी रचना आजही पाहायला मिळते. पाळ खाली रुंद आणि वर अरुंद का असते? पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो म्हणून. हे वाक्य विज्ञानाच्या पुस्तकात आहे, आणि त्याचे उत्तर शेकडो वर्षांपूर्वी कोणतीही पदवी नसलेल्या माणसांनी मातीत बांधून ठेवले आहे. आमच्या मुलांनी हे पुस्तक आणि ही पाळ शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

तलावावर जगणाऱ्या ढिवर समाजाचे ज्ञान तर थक्क करणारे आहे. कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा अंडी घालतो, कोणती वनस्पती नाहीशी झाली म्हणून कोणता मासा नाहीसा झाला, हे त्यांच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असते. अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा’च्या वतीने याच ज्ञानाचा आधार घेतला. तलावांतील बेशरमाची झुडपे काढली, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि गावठी मासे परत आणले. या कामात ढिवर माणसे शिकविणारी होती आणि शिकलेली माणसे शिकणारी होती. हे पाहणाऱ्या मुलाला आपला बाप अडाणी आहे असे पुन्हा कधी वाटणार नाही.

याच नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून मारुती चितमपल्ली राहिले. त्यांच्या लेखनातून महाराष्ट्राला जे जंगल दिसले, त्यातील कितीतरी माहिती त्यांनी या भागातल्या साध्या माणसांबरोबर हिंडून गोळा केली होती. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. तद्वतच साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा अभ्यास केला. वर्गात ज्या बोलीवरून मुलांना हसतात, ती बोली अभ्यासाचा विषय होऊ शकते, ही गोष्ट झाडीपट्टीतल्या प्रत्येक मुलाच्या कानावर गेली पाहिजे. घरी झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी बोलणारा मुलगा शाळेतली मराठी, बाजारातली हिंदी आणि पुस्तकातली इंग्रजी अशा तीन-चार भाषा सांभाळीत असतो. ही त्याची उणीव समजावी की ताकद?

आणि सारस. जवळजवळ माणसाच्या उंचीचा हा पक्षी महाराष्ट्रात आज मुख्यत्वे गोंदिया आणि शेजारच्या भंडारा जिल्ह्यातच उरला आहे, आणि तोही अगदी मोजका. पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठाने तो घरटे करतो. नर आणि मादी दोघेही अंडी उबवितात. आपल्या बांधीत घरटे असेल तर तेवढा तुकडा सोडून रोवणी करणारे शेतकरी आमच्या जिल्ह्यात आहेत. ‘सेवा’ या संस्थेचे कार्यकर्ते, शेतकरी आणि वनविभाग मिळून दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी पहाटे सारसांची मोजणी करतात. २०२१ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या पक्ष्याच्या रक्षणाचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. पाटबंधाऱ्याच्या कडेला पहाटे पाचला वही-पेन घेऊन बसणे, जे दिसले तेच लिहिणे, न दिसलेले न लिहिणे, ही शास्त्राची पहिली शिस्त आहे. दहावीची परीक्षा देऊन मोकळ्या झालेल्या मुलांना अशा मोजणीला पाठविण्यात काहीही नुकसान नाही.

शाळेची वाट

मुलींच्या बाबतीत पहिली परीक्षा वर्गाबाहेर होते. गावात सातवी-आठवीपर्यंत शाळा, पुढची शाळा चार-पाच किलोमीटरवर. पावसाळ्यात नाल्याला पाणी, हिवाळ्यात धुके, संध्याकाळी लवकर अंधार. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना पाच किलोमीटरच्या आत सायकल मिळते आणि लांबच्या मुलींसाठी निळ्या बसगाड्या धावतात. एसटीचा मोफत पासही मुलींना बारावीपर्यंत आहे. या योजनांनी जो फरक पडला तो आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला आहे. पाच-सहा मुली एका ओळीने सायकलवरून जाताना दिसल्या की आम्ही रस्त्याच्या कडेला क्षणभर थांबतो. कारण आमच्या बहिणींना हे मिळाले नव्हते.

त्या सायकलच्या वाटेवरही शिक्षण होते. एकीची साखळी उतरली तर बाकीच्या थांबतात. एकीला घरून ‘आता पुरे’ म्हणाले, तर उरलेल्या चौघी तिच्या अंगणात जाऊन उभ्या राहतात. "काकी, ती नाही आली तर आम्हांलाही घरचे पाठवणार नाहीत," हे त्यांचे म्हणणे खरेच असते. एका गावात अशा रीतीने थांबलेली मुलगी पुन्हा शाळेत आलेली आम्ही पाहिली आहे. पुढाऱ्याने जे केले नसते ते चार मैत्रिणींनी केले.

संध्याकाळी विहारात ट्यूबलाईट असते आणि घरात नसते किंवा घरी टीव्ही लागलेला असतो, म्हणून मुले विहारात अभ्यासाला बसतात. बारावीचा मुलगा दहावीच्याला भूमिती सांगतो, दहावीचा सातवीच्याला इंग्रजीचे स्पेलिंग घोकायला लावतो. दुसऱ्याला सांगताना स्वतःला किती कमी समजले आहे ते कळते आणि मग तो पुन्हा पुस्तक उघडतो. ही अभ्यासिका चालवायला फार काही लागत नाही. एक किल्ली, एक जबाबदार माणूस आणि परीक्षेच्या दिवसांत लाऊडस्पीकर बंद ठेवण्याचे गावाचे एकमत एवढे पुरते. यातील तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. मंडई आणि रात्रभराचे नाटक ही झाडीपट्टीची शान आहे, तिला आमचा विरोध नाही. पण फेब्रुवारी महिना मुलांचा असू द्यावा.

परळच्या खोलीतला विद्यार्थी

आमच्या वाचकांना बाबासाहेबांची परदेशी शिक्षणाची हकीकत पाठ आहे. त्यांच्या मॅट्रिकच्या दिवसांविषयी मात्र आम्ही मुलांना कमी सांगतो. मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली, त्याच खोलीत स्वयंपाक आणि झोप. वडील रामजी मुलाला लवकर झोपवीत आणि पहाटे दोनच्या सुमारास अभ्यासाला उठवीत. पुस्तकांसाठी पैसे नसले तर ते लेकींकडे जात, त्यांचे दागिने मागून आणून गहाण ठेवीत. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाचे लक्ष गेले. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले.

या हकीकतीत कोणता चमत्कार आहे? झोप मोडणारा बाप आहे, अंगावरचा दागिना उतरवून देणाऱ्या बहिणी आहेत, बागेतले एक बाकडे आहे, आणि वाचणाऱ्या मुलाची चौकशी करणारा एक परका माणूस आहे. या साऱ्या गोष्टी गोंदिया जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात असू शकतात. म्हणून आपल्या गावात एखादे पोर झाडाखाली पुस्तक घेऊन बसलेले दिसले, तर त्याला ‘काय वाचतोस?’ एवढे तरी विचारीत जावे. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांच्या प्रयत्नाने १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. प्रेरणेने मुलगा उठून बसतो, पण पुढे चालायला भाडेही लागते, हे त्यांना स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक होते.

परीक्षा आणि प्रवेश यांच्यामधली दरी

आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि निकाल मे महिन्यात लागतो. मधले दिवस म्हणजे तेंदूचा हंगाम, लग्नसराई आणि ठेकेदारांचा मजूर गोळा करण्याचा काळ. ‘परीक्षा झाली, मोकळा आहेस, चल चार पैसे मिळव’ असे म्हणून मुलगा परगावी कामावर जातो. हाती पहिल्यांदा नोटा येतात. निकालाच्या दिवशी तो गावात नसतो. प्रवेशाची तारीख निघून जाते. मुलीच्या बाबतीत याच दिवसांत पाहुणे ‘सहज’ येऊन बसतात. आमच्या मते मुले नापास होण्यापेक्षा या दरीत अधिक गमावली जातात.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका मुलीला दहावीत प्रथम श्रेणी मिळाली. निकाल लागला तेव्हा घरी जातीचा दाखला नव्हता, उत्पन्नाचा दाखला नव्हता, बँकेत खाते नव्हते. कागद जमेपर्यंत प्रवेश संपले. वर्षभर ती घरी राहिली, रोवणीला गेली, पाने तोडली. गावातल्या बाया म्हणू लागल्या, आता मुलगा बघा. तिची आई निरक्षर. तिने कोणाशी वाद घातला नाही. दुसऱ्या वर्षी हंगाम सुरू झाला तेव्हा तिने शेजारणींना एवढेच सांगितले, "यंदा माझी मुलगी फळीवर येणार नाही, ती कागद करायला तहसीलला जाणार आहे." आई एकटीच जंगलात गेली आणि मुलगी कागदांच्या मागे. अकरावीला प्रवेश झाला, आज ती नर्सिंगचे शिक्षण घेत आहे. तिने आम्हांला सांगितले, की अभ्यासाचा कंटाळा आला की मला आई पहाटे एकटी जाताना दिसते.

त्या घरचे एक वर्ष वाया गेले, ते जाऊ नये एवढ्याचसाठी हा लेख. आम्ही कारकुनी करणारी माणसे. कागदाचे महत्त्व आम्हांला रोज दिसते. म्हणून पालकांना आमचे सांगणे असे, की मुलगा नववीत असतानाच जातीच्या दाखल्याला लागावे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला किंवा कोतवाल पंजीची नक्कल शोधायला वेळ लागतो. १९९० साली घटनेच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या. त्यामुळे बौद्ध झालो म्हणून दाखला मिळणार नाही, ही जुनी भीती आता नको. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि मुलाच्या नावाचे आधार-जोडणी झालेले बँक खाते परीक्षेपूर्वीच तयार असावे.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाईन झाले आहेत. त्यामुळे तारखेवर नजर ठेवणारा एक तरी माणूस प्रत्येक वस्तीत हवा. शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करावा. तिथे जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासून सुरू असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेविषयी समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. बिडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे, तिची माहिती आमच्या कित्येक घरांना नसते. आणि एखाद्याची शाळा सुटलीच, तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. दार बंद झाले असे कोणी समजू नये.

मुलांसाठी दोन शब्द

प्रिय विद्यार्थ्यांनो, तुम्हांला आम्ही फार उपदेश करणार नाही. एक साधी वही करा. रोज रात्री झोपण्यापूर्वी तीन ओळी लिहा. आज काय पाहिले, त्यातले काय समजले नाही, आणि ते उद्या कोणाला विचारणार. तुडुमातून पाणी सोडणारा माणूस, वजनकाट्यावरचा मापारी, दवाखान्यातली परिचारिका, रेल्वेचा गँगमन, पोस्टातले बाबू, यांपैकी कोणालाही नम्रपणे विचारा. बहुतेक माणसे आनंदाने सांगतात, कारण त्यांच्या कामाविषयी त्यांना कोणी कधी विचारलेले नसते. सहा महिन्यांनी ती वही वाचून पाहा. तुम्हांला पुढे काय शिकावेसे वाटते याचे उत्तर बहुधा तिच्यातच सापडेल.

आणि पालकांनो, मुलाच्या कष्टांचे कौतुक करता करता त्याला कष्टांतच ठेवू नका. शाळा बुडवून बिडी वळणाऱ्या मुलाला कोणतीही प्रेरणा मिळत नाही, त्याला फक्त थकवा मिळतो. सुट्टीत त्याने हात लावावा, हिशेब लिहावा, प्रश्न विचारावेत. पण परीक्षेच्या वर्षी रात्रीचे दोन तास आणि पहाटेचा एक तास त्याचा स्वतःचा असला पाहिजे. तेवढे कोणतेही गरीब घर देऊ शकते.

येत्या हंगामाआधी आपल्या वस्तीत दहावीला किती मुले-मुली आहेत त्यांची यादी करावी. प्रत्येकाच्या नावापुढे चार रकाने आखावेत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक खाते, आणि पुढे काय शिकायचे आहे. चौथा रकाना मुलाने स्वतःच्या हाताने भरावा. ज्यांच्या वस्तीत ही यादी तयार होईल त्यांनी या पानाकडे कळवावे. तिचा नमुना इतर गावांनाही उपयोगी पडेल. जयभीम.